बाबांचं जेवण अजून झालेलं नाही

तैनान,
३ सप्टेंबर १९८४

ती. पाओचूताईस,
युएश्याचा सा. न. वि. वि.

आधी खाली बस. बसलीस? आपल्या आईला मागणी आली आहे. देवळासमोर माशाचं सूप विकणारे लिआओकाका, बायको गेल्यापासून एकटे राहतात ते. गेले काही महिने आईच्या वाडग्यात मासे जास्त आणि पाणी कमी येत होतं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. रविवारी इस्त्रीचा सदरा घालून आले, खुर्चीच्या टोकावर बसले आणि आईला म्हणाले की एकट्यापुरता भात शिजवायचा कंटाळा आलाय, तुमचं काय? ताई, आई लाजली गं! मग सावरून म्हणाली की पुढच्या महिन्यात ह्यांचं श्राद्ध आहे, तेव्हा विचारते, ते कौल देतील तसं. काका बिचारे बाबांच्या फोटोला वाकून नमस्कार करून गेले.

मला आनंदच झालाय. माझं लग्न झालं की आई या घरात भिंतींशी बोलत बसणार. तू ओरडशील हे माहीत आहे, म्हणून आत्ताच कानात बोटं घातली आहेत.

कळावे. लोभ आहेच, राग उतरला की तेही कळवावे.
तुझी युएश्या

तैपेई,
९ सप्टेंबर

चि. युएश्या हिस,
अनेक आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा.

इस्त्रीचा सदरा म्हणे! सासूबाईंना मी काय सांगू, आमच्या आईचं लग्न ठरतंय, आहेर काय करू या? बाबा हो म्हणणं शक्यच नाही. शेजारणीचं लोणचं आईने चांगलं म्हटलं तर चार दिवस धुमसणारा माणूस तो. श्राद्धाला सगळं त्यांच्या आवडीचं करा. तिळाच्या तेलातली आलं घातलेली कोंबडी, सोयात शिजवलेलं डुकराचं मटण, कालवं घातलेल्या शेवया. पोटभर जेवू देत आणि स्पष्ट नाही म्हणू देत. उपाशीपोटी माणूस भलत्याच गोष्टीला होकार देऊन बसतो.

खरं सांगू? लोकांचं मला काही नाही. नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या मुली माहेरी जातात. आई लिआओंच्या घरी गेली तर मी दोन पोरं घेऊन कुठे जाऊ? परक्या माणसाच्या दारात उभी राहू? वर्षातला तेवढा एकच दिवस मी कुणाची सून नसते. हे लिहिताना रडू आलं, पण आईला सांगू नकोस.

तूर्त इतकेच. आशीर्वादाबरोबर अक्कलही येवो.
तुझी ताई

तैनान,
१४ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

श्राद्ध झालं. म्हणजे, झालं असं म्हणायचं. तू सांगितलंस ते सगळं आई पहाटेपासून रांधत होती. उदबत्ती लावली, बाबांना जेवायला वेळ दिला आणि मग कौलाचे दोन लाकडी ठोकळे हातात घेऊन रीतीप्रमाणे आधी विचारलं की पोट भरलं का. त्यांचं जेवण झाल्याशिवाय दुसरा विषय काढायचा नाही, हे ते जिवंत असतानाही होतंच. एक उताणा, एक पालथा पडला तर हो. ठोकळे पडले, दोन्ही पालथे. नाही! आईला वाटलं मिरची राहिली. मिरची ठेवली. नाही! मी पळत जाऊन बिअर आणली, सिगारेट पेटवून ठेवली. नाही! दुपार टळली, रश्शावर चरबी गोठली. मावशी भुकेने कासावीस होऊन फोटोला म्हणाली की भावोजी, आवरा आता, आम्हालाही पोटं आहेत.

शेवटी लिआओकाकांनी पाठवलेलं सूप आईने भीत भीत पुढे ठेवलं, तर ठोकळे दोन्ही उताणे. म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही, बाबा नुसते हसतायत. पुन्हा टाकले, पुन्हा हसले. आईची थट्टा करायची सवय मेल्यावरही गेली नाही बघ.

मग आईने जे केलं ते ती स्वतःच लिहिते आहे. तुझ्या रडण्याचं मी तिला सांगितलं. माझ्या पोटात राहत नाही, त्याला मी काय करू?

राग आला तर पुढच्या पत्रात धपाटा पाठव, पण लोभ कमी करू नकोस.
युएश्या

(सोबत)

चि. पाओचू हिस,
आईचे अनेक आशीर्वाद.

तुझे बाबा हसले तेव्हा माझे गुडघे ठणकत होते आणि मला कडकडून भूक लागली होती. सगळा संसारभर, ते जेवून उठेपर्यंत मी चुलीपाशी उभी राहिले. ताटातलं गरम असतानाच खायचं असतं, हे मला लिआओंच्या बाकावर बसून कळलं. ते आधी मला वाढतात आणि मी खाते की नाही ते बघत उभे राहतात. मला ते फार आवडतं, मुलीपाशी कशाला लपवू?

तर मी ठोकळे बाजूला ठेवले, खुर्ची ओढली आणि बाबांसमोर बसून ते सूप प्यायले. कोंबडीही खाल्ली. वीजबीज काही पडली नाही. हात धुऊन त्यांना म्हटलं की तुम्ही सावकाश जेवा, मी लिआओंशी लग्न करते आहे. या खेपेला विचारलं नाही, सांगितलं.

आणि वेडाबाई, मी कुठेही जात नाही. लिआओच इथे राहायला येतायत. बाबांचा फोटो आहे तिथेच राहणार. नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी पोरांना घेऊन लवकर ये. स्वयंपाक लिआओ करणार आहेत, त्यामुळे यंदा मी चुलीपाशी नसेन. दारात उभी असेन.

पत्राची वाट बघते. सुखात राहा.
तुझी आई