पाण्याच्या टेबलापाशी

रविवार, संध्याकाळ. अकोला

माझी प्रज्ञा आज पुण्यात मॅरेथॉन पळाली. मी सकाळपासून मोबाइलवर शर्यतीचा लाइव्ह कॅमेरा पाहून राहिली होती. पाण्याच्या टेबलापाशी पोरगी मटकन खाली बसली अन् तोंड झाकून रडली. कोण्या बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. माझा हात इथं स्क्रीनवरच फिरून राहिला होता.

आत्ता तिचा फोन आला. "मस्त झालं वं आई, काहीच त्रास नाही. तुले दिसली का मी?"

"नाही वं, नेटच गेलं होतं." काहून म्हटलं मी असं?

त्या बाईचा तो हात सारखा डोळ्यापुढं येते. पुण्याले गेल्यापासून पोरगी रोज फोनवर म्हणते, "मी मजेत आहे." तवा कुठं कॅमेरा होता?