ऑईल जरा कमीच दिसतंय

ती. दाजींना शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. कंबर धरल्याला आज नववा दिवस आहे. आठ अंगांपैकी सध्या तीनच कामाला येतात.)

आपली प्रकृती उत्तम असेल, ताईचा गुडघा चालता असेल आणि आपल्या गल्लीतलं खोदकाम खरोखरच बुजवून झालं असेल, अशी आशा करतो. इकडे आम्ही दोघंही बरे आहोत. बरे म्हणजे हिचा रक्तदाब वर आणि माझा खाली, त्यामुळे सरासरी काढली तर घर ठणठणीत आहे. मंगळवारी आपला फोन आला. पंचवीस तारखेला येतो, गाडी ताब्यात घेतो आणि स्वतः चालवत तशीच पुढे लेकीकडे साडेचारशे किलोमीटर नेतो, असं आपण म्हणालात आणि गाडी कशी आहे एवढंच विचारलंत. मी "हो, हो" म्हणालो. तो प्रश्न "हो" म्हणण्यासारखा नव्हता हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं. फोनवर आपल्यापुढे माझी जीभ टाळूला चिकटते, हे आपण ताईच्या लग्नापासून बघत आला आहात. म्हणून दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा, काउंटरमागच्या स्टुलावर बसून हे सविस्तर लिहितो आहे.

आठ महिन्यांपूर्वी गल्ली खणली आणि गाडी उभी करायला जागा उरली नाही, म्हणून आपण ती माझ्याकडे ठेवलीत. सोबत सूचनांचा कागद दिलात. अकरा सूचना, त्यातल्या सात ऑईलच्या. दर रविवारी सकाळी इंजिन थंड असताना पट्टी ओढावी, पुसावी, परत घालावी, परत ओढावी, खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये ऑईल आहे ना बघावं, कमी असल्यास पाव लिटर घालावं. एकतीस वर्षं मी औषधाच्या दुकानात उभा आहे. लिहून दिलेलं जसंच्या तसं पाळणं एवढंच मला येतं. मी तो कागद फ्रिजवर लावला आणि पहिल्या रविवारी सात वाजता खाली उतरलो. त्या दिवसापासून मला रविवार म्हणून सुट्टी मिळालेली नाही.

आता आमच्या पार्किंगची रीत सांगायला हवी, कारण सगळी गोम तिथेच आहे. गाड्या आठ आणि जागा चार. त्यामुळे गाड्या एकीमागे एक उभ्या असतात, आणि मागच्याला बाहेर पडायचं तर पुढच्याची गाडी हलवावी लागते. दर वेळी कुणाच्या घरची बेल वाजवणार? म्हणून सगळ्यांच्या किल्ल्या जिन्याखालच्या फळीवर टांगलेल्या असतात. ज्याला हवी त्याने घ्यावी, गाडी हलवावी, किल्ली जागेवर लावावी. अतिशय समजूतदार पद्धत आहे. तिचा परिणाम असा की आपली गाडी माझ्याकडे कमी आणि सबंध इमारतीकडे जास्त होती.

तर रविवारी मी बॉनेट उघडलं की पाच मिनिटांत तिघं हजर होत. एक तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर. त्यांची गाडी गेल्या वर्षीची, आणि त्यांचं म्हणणं असं की इंजिन जितकं नवं तितकं भरवशाचं, दहा हजार किलोमीटरपर्यंत बॉनेट उघडूच नये, बघत बसलं की बिघडतं. (हे ते स्वतः आपल्या इंजिनात डोकं घालून सांगत.) दुसरे बॉयलर. म्हणजे हे त्यांचं नाव नव्हे. कारखान्यात बॉयलर सांभाळत निवृत्त झाले म्हणून सगळे तसं म्हणतात आणि त्यांना ते आवडतं. त्यांच्या मते आताची इंजिनं म्हणजे बिस्किटांचे डबे, खरं इंजिन सतरा-अठरा वर्षांपूर्वीचं, आणि त्याला दर तीन हजाराला ऑईल बदललं की ते माणसाला पुरून उरतं. ते ऑईल दोन बोटांत चोळतात, हुंगतात. एकदा चाखलंही असावं, मी मुद्दामच दुसरीकडे बघितलं. तिसऱ्या म्हणजे दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या गाण्याच्या बाई. त्या ऑईल बघत नाहीत, डोळे मिटून इंजिन ऐकतात आणि ते कुठे उतरलं, कुठे चढलं ते सांगतात. या तिघांचं आठ महिन्यांत एकदाही एकमत झालं नाही. घट्ट ऑईल चांगलं की पातळ, यावर एक रविवार गेला. गाडी सुरू करून आधी दोन मिनिटं उभी ठेवावी की लगेच काढावी, यावर दीड. माझं मत कुणी विचारलं नाही, ते बरंच झालं, कारण मला मत नव्हतं. बॉनेटची दांडी ढिली झाली आहे, त्यामुळे वाद संपेपर्यंत ते दोन्ही हातांनी वर धरून उभं राहणं हे माझं काम. कंबर काय उगाच धरली नाही.

तिघांचं एका बाबतीत मात्र जमे. पट्टी बघून डॉक्टर म्हणत, ऑईल जरा कमीच दिसतंय. बॉयलर म्हणत, कमीच आहे. बाई कान लावून म्हणत, कमीच वाटतंय. आणि दिसायचंही कमीच. मी पाव लिटर घालायचो. पुढच्या रविवारी पुन्हा कमी. जमिनीवर थेंब नाही, डाग नाही, मग जातं कुठे? डॉक्टर म्हणाले, आतल्या आत गळतंय. बॉयलर म्हणाले, जळतंय. हळूहळू त्यांची नजर इंजिनावरून माझ्याकडे वळली. जिन्यात भेटलं की विचारायचे, घातलंत ना या आठवड्यात? म्हणजे दुसऱ्याची गाडी म्हणून मी हयगय करतो, असं त्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं. दाजी, हे मला फार लागलं. आयुष्यात कुणाची गोळी चुकीची दिली नाही मी, आणि आपल्या गाडीला उपाशी ठेवीन?

सहाव्या महिन्यात गाडी निळा धूर सोडायला लागली. दुकानापर्यंत यायचं म्हणजे मागच्या दुचाकीवाल्यांचे आशीर्वाद ऐकत यायचं. चौकातल्या वाहतूक पोलिसाने दोनदा थांबवलं. तिसऱ्यांदा त्याने थांबवलं नाही, नुसता नाकाला रुमाल लावला, ते मला जास्त वाईट वाटलं. खोकल्याच्या औषधाचा खप वाढला असं ही म्हणते. ते हवा बदलल्यामुळे असावं. धूर निघतोय म्हणजे ऑईल जळतंय, असं बॉयलरनी विजयी मुद्रेने जाहीर केलं आणि जळतंय म्हणून आणखी घालायला सांगितलं. मी घातलं.

गेल्या महिन्यात पार्किंगची फरशी बदलायला काढली. फरशीवाल्याने आपल्या गाडीच्या जागी पाणसळ ठेवली, तिच्या काचेतला बुडबुडा बघितला आणि कुणी न विचारता सांगितलं, "साहेब, ही जागा चार बोटं उतरती आहे. पाणी निघून जायला मुद्दाम ठेवलेला उतार आहे हा."

आम्ही चौघं वाकून फरशी बघायला लागलो. सात महिने आम्ही तिरक्या गाडीचं ऑईल मोजत होतो. सगळं ऑईल एका अंगाला जाऊन बसलेलं, आणि पट्टी दुसऱ्या अंगाला. गाडी ढकलत बाहेर सपाटीवर नेली. बॉयलरनी पट्टी ओढली. ऑईल वरच्या खुणेपाशी नव्हतंच, ते खूण ओलांडून जवळजवळ मुठीपर्यंत आलं होतं. एवढं कसं? मी तर महिन्याला लिटरभरच घालत होतो. त्यावर डॉक्टरांनी घसा साफ केला आणि म्हणाले, मी आपला दोनदाच, फार कमी दिसलं म्हणून. बाई म्हणाल्या, त्या दर बुधवारी शिकवणी संपल्यावर थोडं. बॉयलर म्हणाले, शनिवारी, पाव लिटर, पण मोजून. (किल्ली फळीवर होतीच.) मला न सांगता, माझी लाज राखायची म्हणून. मी वर आलो आणि हिला सांगितलं, तर ही स्वयंपाकघरातून बाहेरच येईना. शेवटी कळलं की अधूनमधून हिनेही घातलं आहे. दाजी विचारतील तेव्हा तुमची मान खाली जायला नको म्हणून, म्हणाली. कुठल्या भोकात घातलं, हे मी अद्याप विचारलेलं नाही.

रोज पन्नास माणसांना मी सांगतो, एक गोळी विसरलात म्हणून दोन घेऊ नका. आणि माझ्या नाकाखाली पाच माणसांनी एका इंजिनाला जास्त डोस दिला. गॅरेजमधल्या मिस्त्रीने इंजिनाखालचा बोल्ट काढला, घमेलं लावलं, ते भरलं, दुसरं आणलं, तेही भरत आलं. हा माणूस एरवी बोलत नाही. हात पुसत एवढंच म्हणाला, "एका गाडीवर इतक्या माणसांनी माया करू नये."

तर दाजी, तात्पर्य असं की इंजिनाचं काही खरं नाही. मिस्त्री म्हणतो सील गेली आहेत, आत काय काय झालं असेल ते उघडल्याशिवाय कळणार नाही, आणि उघडलं तर सहा महिने तरी लागतील. वर्षही लागेल. कदाचित नाहीच व्हायची दुरुस्त. तेव्हा पंचवीस तारखेला येण्याची तसदी घेऊ नये. लेकीकडे बसने जावं, हल्ली बस चांगल्या असतात. अपराध माझा आहे, त्याबद्दल काय ती शिक्षा करावी. ताईला नमस्कार.

आपला (वाकता येत नसतानाही वाकून),
धाकटा मेहुणा

ता. क. – डॉक्टर आणि बॉयलर यांनी नमस्कार कळवला आहे. पहिल्यांदा कोणी घातलं यावरून त्यांचं बोलणं बंद आहे. बाईंनी वेगळा नमस्कार कळवला आहे, कारण त्या दोघांशीही बोलत नाहीत.

ता. क. दुसरा – पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. वर "तात्पर्य असं की" पासून पुढचं सगळं खोटं आहे. त्याआधीचं खरं आहे. मिस्त्रीने जादा ऑईल अर्ध्या तासात काढलं, नवं भरलं, चार दिवस धूर आला आणि थांबला. परवा मी सव्वाशे किलोमीटर जाऊन आलो. इंजिन उत्तम आहे. गाडी मेली असं सांग, हे ताईने सांगितलं. तिचा दुकानावर फोन आला होता, बोलताना रडत होती. गाडी माझ्याकडे ठेवायच्या आधी एकदा आपण ती चालवत असताना एक सायकलवाला आपल्या डाव्या हाताला होता. तो एकदम कुठून आला कळलं नाही, असं आपण म्हणाला होतात. दाजी, तो शाळेच्या भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बाजूनेच चालवत होता, ताईने किंकाळी फोडली म्हणून वाचला. गल्ली खणली तेव्हा ताईला हायसं वाटलं होतं. आणि आता माझं स्वतःचं सांगतो. आपले काचबिंदूचे थेंब माझ्याच दुकानातून पार्सलने येतात. एक बाटली महिनाभराची. आठ महिन्यांत आपण तीन मागवल्यात. मला तिसऱ्याच महिन्यात कळलं होतं, आणि दाजींना कसं बोलायचं म्हणून मी गप्प बसलो. ऑईलच्या घोटाळ्याला पाच जण जबाबदार आहेत, याला मी एकटा. या आजारात बाजूची नजर आधी जाते, कळत नाही, आणि गेलेली परत येत नाही. ती कुठल्याच मिस्त्रीकडे मिळत नाही. मला भीती वाटते, दाजी. आपली नाही, आपल्यासाठी.

ता. क. तिसरा – आत्ता लक्षात आलं की हे पत्र आपण वाचणारच नाही. वर्षभर चष्मा सापडत नाही म्हणून पत्रं ताईच वाचून दाखवते. म्हणजे ताई, मघाशी सायकलवाल्यापाशी तू थांबली असशील, आणि दाजी विचारत असतील, का थांबलीस. थांबू नकोस, मोठ्याने वाच. पंचवीसला मी गाडी घेऊन तिकडे येतोय. चार दिवस दुकान ही बघेल. लेकीकडे आपण तिघं जाऊ, चालवीन मी, दाजी माझ्या शेजारी बसतील आणि साडेचारशे किलोमीटर माझ्या गिअर टाकण्याला नावं ठेवतील, ती मी ऐकून घेईन. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ मी सत्तावीसची घेतली आहे, लेकीच्या घरापासून जवळ आहे. तीन नव्या बाटल्या आजच्या पार्सलने निघाल्या. पार्सल पत्राच्या आधी पोचेल. तेव्हा ताई, हे वाचून झालं की आधी त्यांच्या डोळ्यांत थेंब घाल, दोन मिनिटं डोळे मिटून बसव, आणि मग त्यांना मला फोन लावू दे. काय बोलायचं ते बोलू देत.