स्वस्त इंटरनेट नको असल्याबाबत

दि. १४ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. विभागीय व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग,
तंतुवेग ब्रॉडबँड सेवा,
कोथरूड, पुणे.

विषय : व्यवसाय योजनेतील कनेक्शन घरगुती योजनेत न नेण्याबाबत व ग्राहकाचे नाव न बदलण्याबाबत.

संदर्भ : आपले दि. ३ चे 'आनंदाची बातमी' या शीर्षकाचे पत्र.

महोदय,

वरील पत्रान्वये आपण कळवले आहे की, आमचा इंटरनेटचा वापर जूनपासून जवळपास शून्य असल्याने कनेक्शन घरगुती योजनेत वर्ग होईल व आमचे दरमहा अठराशे रुपये वाचतील. बातमी वाचली. आनंद झाला नाही. कारणे पुढीलप्रमाणे :

१) हे कनेक्शन माझी पत्नी वासंती रणपिसे हिने शिष्यवृत्तीच्या गणिताच्या ऑनलाइन वर्गासाठी गेल्या वर्षी घेतले. मी स्वस्ताच्या बाजूने होतो. आपले प्रतिनिधी श्री. राकेश खाली येणाऱ्या वेगाचे आकडे सांगत होते. वासंतीने वर जाणारा वेग विचारला, कारण फळा तिच्याकडून मुलांकडे जायचा होता. मग बसवण्याचा खर्च, कर धरून दर, दोन वर्षे मध्येच सोडता येणार नाही ही अट, सर्व तिने वहीत उतरवून घेतले. दर ऐकून मी खुर्चीत चुळबुळलो. तेव्हा ती म्हणाली, "वेग सगळेच सांगतात हो. बंद पडल्यावर माणूस बोलणार की रेकॉर्ड, ते विचारा आधी." माणूस बोलेल, दर सोमवारी स्वतःहून फोन करून विचारपूसही करेल, पण फक्त व्यवसाय योजनेत, असे श्री. राकेश म्हणाले. तिने सही केली.

२) वासंती जूनमध्ये वारली. वापर शून्य का, याचे उत्तर एवढेच आहे.

३) तथापि सोमवारचा फोन थांबला नाही. आपल्या कार्यालयातील कु. मैत्री अकरा वाजता फोन करतात आणि, बहुधा नियमानुसार, आधी ग्राहकाचे पूर्ण नाव घेतात : "वासंती रणपिसे मॅडमच्या ऑफिसमधून बोलताय ना?" मी हो म्हणतो. टेबल, फळा, कॅमेरा जागेवर असल्याने हे उत्तर खोटे ठरू नये. आमचे नातेवाईक समजूतदार आहेत. मला त्रास नको म्हणून घरात तिचे नाव कोणी काढत नाही. मेहुणी दीपाली तर तिच्या कपाटाला 'ते कपाट' म्हणते. आठवड्यातून एकदा ते नाव मोठ्याने घेतले जाते, ते आपल्या कंपनीकडून.

४) सप्टेंबरमध्ये श्री. राकेश पडताळणीसाठी पुन्हा आले. कर्मचारी किती, असे त्यांनी विचारले. एक होत्या, असे मी सांगितले. रकाना कोरा ठेवून त्यांनी चहा घेतला.

५) त्याच महिन्यात एका सोमवारी कु. मैत्री रजेवर होत्या. मंगळवारी राउटरची तार मीच काढली व तक्रार नोंदवली. वीस मिनिटांत त्यांचा फोन आला, नाव घेतले गेले, तार बसवली. आपल्या नोंदीत कारण 'उंदीर' असे आहे. उंदराची विनाकारण बदनामी झाली. जो असेल तो दंड मला आकारावा.

६) घरगुती योजनेत रेकॉर्ड बोलते, व ते सर्वांना 'प्रिय ग्राहक' म्हणते. सबब कनेक्शन आहे त्याच दरात, आहे त्याच नावे चालू ठेवावे. मध्येच न सोडण्याची अट वासंतीने मोडली, हे मान्य आहे. निदान आपण आणि मी ती पाळावी. व्यवसाय दाखवणे आवश्यकच असेल तर मी एखादा सुरू करतो. कोणता, ते आपण सुचवावे.

कु. मैत्री यांना यातले काही कळवू नये. त्यांचा आवाज बदलेल.

आपल्या नोंदीत नसलेला, तरी नम्र,
(सही)
आमोद रणपिसे
(ग्राहकाचा पती)
विश्रांतवाडी, पुणे.

सोबत :
१. वासंतीच्या वहीतील पानाची झेरॉक्स. 'माणूस की रेकॉर्ड' या प्रश्नाखालील लाल रेघ तिची आहे.
२. चालू महिन्याचे बिल भरल्याची पावती.
३. मृत्यूचा दाखला : जोडलेला नाही. तो मिळताच नाव कमी होते, असे आपली नियमावली सांगते. हा अर्ज दाखला समजू नये.

ता. क. : निर्णय काहीही असो, तो सोमवारी कळवू नये. मंगळवारी कळवावा.