शून्य आणि पाच टाळणारी बाई

४ नोव्हेंबर

ओळख करून द्या म्हणे! निवृत्त शास्त्रज्ञांचा ऑनलाइन गट, सभासद नऊशे, नियम एकच: नाव, संस्था, पद. संस्था नाही. पद गेल्या वर्षी गेलं. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं.

५ नोव्हेंबर

पुन्हा खोडलं. धाकटा भाऊ म्हणतो, "ताई, स्थळाला माहिती पाठवतेयस का? टाक की!"

६ नोव्हेंबर

टाकलं. जसंच्या तसं इथे उतरवते—

"मी आधुनिक विज्ञानाचा इतिहास लिहिते. म्हणजे थोरांची चरित्रं नव्हे, प्रयोगशाळेतल्या वह्या वाचते. साठ वर्षांपूर्वीच्या एका गाजलेल्या मोजमापाच्या अकरा वह्या वाचल्या. अक्षर कारकुनाचं, सही साहेबांची, म्हणजे ज्यांच्या नावावर ते मोजमाप आहे त्यांची. पण काटा दोन रेघांच्या मधे थांबला की शेवटचा आकडा अंदाजानं लिहावा लागतो, आणि त्या अंदाजाच्या सवयीत माणूस सापडतो. साहेबांच्या जुन्या वह्यांत तो आकडा सारखा शून्य नाहीतर पाच. गाजलेलं मोजमाप झालं त्या हिवाळ्यात मात्र शून्य-पाच जवळजवळ नाहीतच! त्या खोलीत दुसरं कोण होतं? मदतनीस बाई. मोजमाप त्यांचं, श्रेयही त्यांचंच. हे बोलले म्हणून नोकरी गेली. पुन्हा बोलते."

बरं वाटलं.

७ नोव्हेंबर

चाळीस उत्तरं! "ओळख मागितली होती, आरोपपत्र नव्हे." "बाई काय, चहासुद्धा देत असतील." माझे जुने सरही तिथेच निघाले. लिहितात, "हिला मीच शिकवलं, दुर्दैवानं." मी लिहिलं, "दुर्दैव दोघांचं, सर." लिहून मोकळी झाले.

८ नोव्हेंबर

अ‍ॅडमिनचा निरोप: पोस्ट काढा, नाहीतर आम्ही काढू.

काढा! मी काढणार नाही. एका बाईनं हिवाळाभर डोळे फोडून काम करायचं आणि नाव दुसऱ्याचं व्हायचं—साठ वर्षं झाली, बास. मी काही कुणाच्या बापाचं खात नाही. दिवसभर घरात एकटीच भांडत होते, भाजीसुद्धा करपली.

१० नोव्हेंबर

खासगी निरोप आलाय. "त्या मदतनीस बाई माझ्या आत्या. वय नव्वद, डोकं अजून तल्लख. तुमची पोस्ट वाचून दाखवली. बोलायचंय म्हणतात." जिवंत आहेत! भावाला फोन केला आणि चक्क रडले. आता येऊ देत सर.

११ नोव्हेंबर

फोनवर आत्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, "आकडे माझेच गं. पण त्या हिवाळ्यात यंत्र बंद पडलं होतं. साहेब म्हणाले, मनानंच आकडे भर. खरे वाटावेत म्हणून शून्य न् पाच मुद्दाम टाळले."

मी हातातलं पेन खाली ठेवलं. मग विचारलं, "आत्या, हे लिहू?"

"लिही. आणि माझं नाव घालून लिही."