शेवटचं रीळ

पुलगाव, मंगळवार, १२ जानेवारी १९५४

शनिवारी तंबूतल्या टॉकीजमध्ये सिनेमा पाहिला. नायिका लोखंडी ट्रंक उचलून सासर सोडते, तिथेच दिवे लागले. किती ताठ मानेनं घरी आले मी. उन्हाळ्यात मीही अशीच ट्रंक उचलून भावाकडे आलेली.

आज वहिनीनं नागपूरच्या पेपरातलं परीक्षण मोठ्यानं वाचलं. म्हणजे टॉकीजवाल्यानं शेवटचं रीळ लावलंच नव्हतं. त्यात ती परत जाते, नवऱ्याचे पाय धरते. लिहिणाऱ्याला हाच शेवट सर्वांत भावला. त्याला काय, तो थोडाच तिथे नांदणार आहे?

“थे बी गेलीच ना वापस,” वहिनी म्हणाली. “तुलेच काऊन एवढा ताठा?”

आत आले, तर माझी ट्रंक खाटेखालून काढून, पुसून, दाराशी ठेवलेली.