धाकू आहे तोवर

कळसुली, ता. कणकवली
४ ऑगस्ट १९८६

चि. सौ. मालन हिस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं खुशाल आहोत. हे मुद्दाम लिहितो, कारण काल तुझ्या आईच्या नावे पोस्टकार्ड आलं, की धाकूशेठ गेल्याचं कळलं, धीर धरा. लिहिणाऱ्या कुंदाबाई, घाटकोपरच्या शाळेतल्या. वीस वर्षं त्यांनी माझ्याच चपला घातल्या. तुझी आई मोठ्याने वाचत होती तेव्हा मी समोर बसून पेज जेवत होतो. ती हसत सुटली. मला काही हसू आलं नाही, कारण खाली लिहिलं होतं की तुमच्याकडून नेलेली चप्पल पंधरा दिवसांत उसवली, पण आता सांगणार कोणाला?

दोन वर्षांमागे कारखाना दशरथच्या हाती देऊन इथे आलो, तेव्हा सहा कारागीर होते. पंधरा दिवसांत उसवणारी चप्पल आमच्याकडे शिवलीच कोणी? तू मुलुंडहून एक चक्कर टाक आणि काय दिसेल ते लिही. भाऊ म्हणून झाकू नकोस. मुलांना पापे.

तुझा बाबा

मुलुंड
१३ ऑगस्ट १९८६

ती. बाबांना मालनचा शि. सा. न. वि. वि.

रविवारी जाऊन आले. बाबा, कारखाना राहिलाच नाही. तिथे आता आरसे, ट्यूबलाइट आणि गुळगुळीत लाद्या. टेम्पोतून तयार मालाच्या पेट्या येतात, सगळं रेक्झिन आणि रबर. ज्यांचा टाका तुम्ही इतरांना दाखवायचात ते खंडूकाका गळ्यात टाय बांधून गिऱ्हाइकाच्या टाचेला बूट चढवायचा चमचा लावत उभे असतात. मला बघून त्यांनी मान फिरवली.

गल्ल्यामागे तुमचा मोठा फोटो आहे, माझ्या लग्नातला. मला कापून टाकलंय, तुम्हाला हार घातलाय. पुढे उदबत्ती. आणि त्याच्याच खाली तुमची जुनी पाटी: 'धाकू आहे तोवर दुरुस्ती फुकट'.

माझ्यासमोर एक बाई तुटलेली सँडल घेऊन आली. टाचेखाली तुमचा 'धा'चा ठसा होता. तो ठसा आता पेटीतल्या मालावर आधीच उमटून येतो. दशरथने तोंडाने काही म्हटलं नाही, नुसता फोटोकडे हात केला आणि मान खाली घातली. त्या बिचारीने तुमच्या फोटोला नमस्कार केला आणि सँडल घेऊन निघून गेली. मला अशी किळस आली की त्याच्याकडचा चहासुद्धा मी तसाच ठेवला. मी भांडले, तर म्हणाला की ताई, ह्याला धंदा म्हणतात.

आईला नमस्कार. माया आहेच, ती राहो.

तुमची मालन

घाटकोपर
२० ऑगस्ट १९८६

तीर्थरूप बाबांचे चरणी दशरथचा शि. सा. न.

ताईने तिखटमीठ लावून कळवलं असेलच. तुम्ही गेलात असं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. लोक आपापलं समजतात, त्याला मी काय करू? मापं घेऊन आठ दिवस थांबायला आता कोणाला वेळ आहे? गिऱ्हाइकाला दहा मिनिटांत पायात हवं असतं. स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून तुम्ही कारखान्यात आलात, मी कारखान्यातून शोरूममध्ये आलो, एवढंच.

पाटी काढली तर जुनं गिऱ्हाईक तुटतं. ठेवली तर दुरुस्ती कोण करणार? हारामुळे दोन्ही भागतं. आणि हार अस्सल चंदनाचा आहे, हलका घातलेला नाही. तुमच्या मापाचे नवे बूट पाठवतो. राग नसावा, लोभ तर आहेच.

आपला आज्ञाधारक
दशरथ

मुलुंड
१ सप्टेंबर १९८६

सौ. जानकीस आशीर्वाद.

शनिवारी सकाळी आरी, रापी आणि मेणाचा दोरा घेऊन दशरथच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो. त्याने आत चला, आत चला म्हणून खूप मनधरणी केली. मी हललो नाही. पाटीवर माझं नाव आहे आणि मी आहे, म्हणून दुरुस्ती करणार, असं सांगितलं. पहिल्या कुंदाबाईच आल्या. मला बघितलं आणि माझा हात धरून रडल्या. दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं आणि रांग लागली.

पण जानकी, मला एकही चप्पल दुरुस्त करता आली नाही. रेक्झिन टाका धरत नाही. आरी घातली की भोक पडतं, दोरा ओढला की भोकाचं भगदाड होतं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाइकाला नाही म्हटलं, तेही तासन् तास. स्वतःचीच शिसारी आली. दुसरं काही जमेना, तेव्हा आलेल्या प्रत्येक चपलेवरचा माझा ठसा रापीच्या पात्याने खरवडून काढला आणि मग ती परत दिली. खंडूने मध्येच टाय सोडून खिशात घातला आणि शेजारी येऊन खरवडायला बसला.

संध्याकाळी दशरथ स्टुलावर चढून फोटोचा हार काढायला लागला. चार माणसांत लाज वाटली असेल. मी त्याला खाली उतरवलं, स्टुलावर स्वतः चढलो आणि पाटी काढून घेतली. ती गावी आणतो आहे, पडवीत लावू. हार मात्र तिथेच राहू दिला.

गुरुवारी पोचतो. मालनने तुला लुगडं घेतलंय. काळजी नको.

तुझा अजून असलेला
धाकू