आईच्या रागावण्याला तिकीट

तीर्थरूप आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून आधी हे सांगतो, की मी वेळेवर जेवतो आणि मनगटही आता फारसं दुखत नाही.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. त्या फोननेच माझं डोकं फिरवलंय! रविवारी आमचा संघ व्हिडिओ गेमची मोठी स्पर्धा जिंकला. आठ महिने रोज दहा तास घासलो होतो. बक्षिसातला मोठा वाटा संघाच्या मालकाने घेतला, उरलेला आम्ही पाच जणांनी वाटून घेतला.

सोमवारी खोलीत बसून लाइव्ह खेळत होतो, म्हणजे लोक इंटरनेटवर बघत असतात आणि आवडलं की पैसे पाठवतात; करारात तशी सक्तीच आहे. तेवढ्यात तुझा फोन आला आणि चुकून स्पीकरवर लागला. "अंघोळ केलीस का रे घोड्या?" हे हजारो लोकांनी ऐकलं, आई. ते हसत सुटले आणि पैसे पाठवत सुटले. अर्ध्या तासात माझ्या बक्षिसाच्या दुप्पट जमले!

आता मालक म्हणतो, "खेळाचं राहू दे, आईला रोज आठला फोन करायला सांग. त्यांनाही काहीतरी देऊ." माझ्या आईचं रागावणं काय तिकीट लावून दाखवायचं? मी त्याला तोंडावर नकार दिला. करार महिनाअखेरीस संपतोय, पण तू काळजी करू नकोस.

बाबांचा गुडघा कसा आहे? ताईला यातलं सांगू नकोस, ती आठवडाभर हसेल.

तू आता पत्रातूनच झाप मला, हवं तेवढं. ऐकणारा मी एकटाच असेन.

अंघोळ केली आहे.

तुझा,
घोडा